साहेब, ऊन गरमही असतं

प्रति,
अक्षय ऊर्जेचं धोरण लिहिणाऱ्या खुर्चीतले साहेब,
मुक्काम नवी दिल्ली, भोपाळ आणि जिथं जिथं ही फाइल फिरते तिथं.

साहेब,

मायन्यात ‘सप्रेम’ लिहायची रीत आहे. ते मी लिहिलेलं नाही, कारण आज माझ्याजवळ तुमच्यासाठी प्रेम नाही, राग आहे. नमस्कार मात्र करतो. हे पत्र एका माणसाला नाही. तुमच्या खुर्चीत गेल्या पंधरा वर्षांत कितीतरी जण बसून गेले, पक्ष बदलले, मंत्री बदलले. चूक तीच राहिली, म्हणून पत्र खुर्चीच्या नावानं.

आरोप एकच आहे. तुमच्या फायलीत सूर्य फक्त मेगावॅटमध्ये उगवतो. उन्हातून वीज काढायला तुम्ही तिजोरी उघडली, त्याचं मी मनापासून स्वागत करतो. पण त्याच उन्हात पाणीही तापतं आणि अन्नही शिजतं, ही तुमच्या धोरणातली जुनी ओळ तुम्ही खोडलीत. पटेल असं कारण दिलं नाही, तिच्या जागी दुसरं काही लिहिलंही नाही. आणि ती ओळ खोडल्याची किंमत दर हिवाळ्यात आमचं जबलपूर मोजतं.

तुम्ही जबलपूरला आलात तर भेडाघाट पाहता, धुवांधारला फोटो काढता आणि संध्याकाळच्या विमानानं परतता. एकदा जानेवारीत मुक्कामाला या आणि पहाटे साडेपाचला उठा. पारा नऊ-दहाच्या आसपास असतो, उत्तरेकडून शीतलहर आली की चार-पाचवर उतरतो. चौकाचौकात नगर निगमच्या शेकोट्या पेटलेल्या असतात. राइट टाउन-नेपियर टाउनच्या बंगल्यांत गिझरचा लाल दिवा लागतो. रांझी आणि अधारतालच्या भाड्याच्या खोल्यांत प्लास्टिकच्या बादलीत रॉड सोडलेला असतो, आणि पोरांना ‘बादलीला हात लावू नका’ म्हणून दटावलं जातं. ज्यांच्याकडे रॉडही नाही, त्यांच्याकडे मागच्या अंगणात तीन दगडांवर पातेलं आणि खाली गोळा केलेली लाकडं. साऱ्या शहराचं पहिलं काम पाणी तापवणं.

आणि त्याच दिवशी सकाळी नऊनंतर काय होतं तेही पाहा. धुकं विरतं, आभाळ निळंशार होतं आणि संध्याकाळी पाचपर्यंत प्रत्येक गच्चीवर लख्ख ऊन पडून असतं. कर्कवृत्त आमच्या शहराच्या थोडंसंच उत्तरेकडून जातं. राज्य सरकार स्वतःच गुंतवणूकदारांना सांगतं की मध्य प्रदेशात वर्षाचे सुमारे ३०० दिवस ऊन असतं. थंडी आणि ऊन एकाच दिवशी, एकाच छतावर मिळणारं शहर ज्यांना मिळालं, त्यांना पाणी तापवायला कोळसा जाळावा लागतो. यात निसर्गाचा काही दोष नाही, साहेब. दोष धोरणाचा आहे.

हिशेब सांगतो, कारण तुम्हाला हिशेबाचीच भाषा समजते असं तुम्ही म्हणता.

चौघांच्या घराला आंघोळीला शंभर लिटर गरम पाणी लागतं असं धरू. जानेवारीतलं टाकीचं पाणी ३० अंशांनी वर न्यायचं, तर त्याला साडेतीन युनिट वीज लागते. हे शाळेतलं भौतिकशास्त्र आहे, कुठल्याही समितीच्या अहवालाची गरज नाही. आता ही साडेतीन युनिटं येतात कुठून? उमरिया जिल्ह्यात बीरसिंहपूरला १,३४० मेगावॅटचं संजय गांधी औष्णिक वीजकेंद्र आहे. तिथं कोळसा जळतो. त्यातल्या उष्णतेचा जेमतेम तिसरा हिस्सा विजेत उतरतो, बाकीची धुराड्यातून आणि थंड करायच्या पाण्यातून निघून जाते. उरलेल्यातला काही भाग तारांमध्ये खर्ची पडतो. मग ती वीज आमच्या न्हाणीघरात पोहोचते आणि तिथं आम्ही तिची काय करतो? पुन्हा उष्णता. आगीची वीज आणि विजेची पुन्हा आग, या येरझाऱ्यात शंभरातले जवळजवळ सत्तर भाग वाया. एवढं करून हाती येतं ते चाळीस-पंचेचाळीस अंशांचं पाणी, जे दोन चौरस मीटरची काळी पेटी गच्चीवर ठेवली असती तर दुपारी तीनपर्यंत तयार झालं असतं.

तुमच्या मंत्रालयाचा जुना दाखला असा, की शंभर लिटरचा एक सौर बंब वर्षाला सुमारे १,५०० युनिट वीज वाचवू शकतो. तो आकडा मी जबलपूरसाठी वापरणार नाही. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४२ च्या वर जातो, तेव्हा नळाचं पाणीच सोसत नाही, गरम पाणी कोण मागतो? म्हणून मी फक्त नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे चार महिने मोजतो. रोज साडेतीन युनिटं, १२० दिवस, म्हणजे ४२० युनिटं. भारतातल्या औष्णिक केंद्रांत एका युनिटमागे पाऊण किलोच्या आत-बाहेर कोळसा लागतो. एका घराच्या चार महिन्यांच्या आंघोळीला सुमारे ३०० किलो. हा मी मुद्दाम कमीत कमी धरलेला आकडा आहे.

पण साहेब, खरा घोटाळा युनिटांच्या संख्येत नाही. तो घड्याळात आहे, आणि हे जबलपूरपेक्षा जास्त कुठल्या शहराला कळतं?

मध्य प्रदेशाच्या विजेची राजधानी हेच शहर आहे. रामपूरच्या शक्ती भवनात वीज मंडळाचा कारभार चालायचा. मंडळाच्या कंपन्या झाल्या तरी निर्मिती, पारेषण आणि वीज खरेदी या तिन्हींची मुख्यालयं इथंच राहिली. पूर्व भागाचं वितरणही इथूनच चालतं. नयागावच्या भार प्रेषण केंद्रात राज्याची मागणी क्षणाक्षणाला पडद्यावर दिसते. तिथल्या इंजिनिअरला विचारा, राज्याची मागणी कधी सगळ्यात वर चढते. इतर अनेक राज्यांत उन्हाळ्यात चढते, आमच्याकडे डिसेंबर-जानेवारीत. गहू-हरभऱ्याला पाणी देण्याचे तेच दिवस. २०२४ च्या डिसेंबरात ती अठरा हजार मेगावॅटच्या पुढे गेली होती. त्याच महिन्यात, सूर्य वर यायच्या आत, शहरांमधले गिझर आणि रॉड एकाच वेळी सुरू होतात.

आता पाटण, शहपुरा, सिहोऱ्याकडे चला. जबलपूरचा मटार देशभर जातो तो तिथून. शेतीला दिवसाकाठी दहा तास वीज, त्यातली काही रात्रीच्या पाळीत. बरगीच्या कालव्याचं नाहीतर विहिरीचं पाणी द्यायला शेतकरी रात्री शेतात उतरतो, पायाखाली गार चिखल, हातात बॅटरी. त्याला दिवसा वीज हवी आहे, हे तो कित्येक वर्षं सांगतो आहे. सकाळच्या त्या दोन-तीन तासांत शहर जी वीज बादलीत ओततं, ती मोकळी झाली तर रात्रीच्या पाळीतले तास दिवसाच्या कडेला सरकवायला जागा होईल. एका गिझरमुळे एका शेतकऱ्याची पाळी रात्रीची होते, असं मी म्हणत नाही. पण पहाटेचा भार वाढवत नेणारं धोरण शेतकऱ्याला दिवसा वीज देण्याचं आश्वासन पाळू शकत नाही, एवढं मात्र ठामपणे म्हणतो.

ही वेळेची गोष्ट तुम्हाला ठाऊक नाही, असं म्हणायलाही तुम्ही मला जागा ठेवलेली नाही. जून २०२३ मध्ये केंद्रानं वीजग्राहकांच्या हक्कांचे नियम बदलले. त्यात लिहिलं की दिवसा, सूर्य असतानाची वीज किमान २० टक्के स्वस्त आणि मागणीच्या भरातली महाग असावी, आणि शेती सोडून बाकी ग्राहकांना हे २०२५ च्या एप्रिलपासून लागू व्हावं. म्हणजे दुपारची ऊर्जा विपुल आणि पहाटेची दुर्मीळ, हे तुमच्याच राजपत्रात छापलेलं आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये मंत्रिमंडळानं मोठ्या बॅटऱ्यांसाठी ३,७६० कोटींची मदत मंजूर केली, खर्चाच्या ४० टक्क्यांपर्यंत. का? तर दुपारचं ऊन साठवून सूर्य नसताना वापरता यावं म्हणून. योग्यच केलंत.

मग मला एवढंच सांगा: दुपारी तापून, दुहेरी भिंतीच्या टाकीत रात्रभर ऊब धरून, सकाळी सहाला नळातून येणारं शंभर लिटर पाणी ही साठवण नाही तर काय आहे? तिला लिथियम लागत नाही. पत्रा, तांबं किंवा काचेच्या नळ्या, लोकर आणि एक प्लंबर. त्या टाकीला तुमच्याकडे साठवणीचा मान का नाही? ती शेअर बाजारात येत नाही म्हणून? तिच्या उद्घाटनाला फीत कापता येत नाही म्हणून?

आकार लक्षात यावा म्हणून तुमच्याच मंत्रालयाचा आणखी एक दाखला घेतो: शंभर लिटरचे हजार सौर बंब बसले, की मागणीच्या भरात साधारण एक मेगावॅटचा भार उतरतो. जबलपूर शहराची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत साडेदहा लाखांच्या वर होती, म्हणजे दोन लाखांच्या आसपास घरं. त्यातल्या ९० हजार घरांवर बंब बसले तर ९० मेगावॅट. बरगीच्या धरणावर नर्मदेचं जे वीजघर आहे, त्याची क्षमता नेमकी ९० मेगावॅट आहे. त्या धरणासाठी मंडला, सिवनी आणि जबलपूर जिल्ह्यांतली १६२ गावं बाधित झाली. सिंचन आणि पाणी या धरणाचे वेगळे हिशेब आहेत, ते मी नाकारत नाही. पण विजेपुरतं बोलायचं तर ज्या बोज्यासाठी आपण नदी अडवतो, तेवढा बोजा हिवाळ्याच्या सकाळी या शहराची अर्ध्याहून कमी छतं उतरवू शकतात. त्यासाठी कुणालाही आपलं गाव सोडावं लागणार नाही.

आता तुमच्या खोडलेल्या ओळीकडे येतो.

जानेवारी २०१० मध्ये जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय सौर अभियान सुरू झालं. त्या कागदात दोन लक्ष्यं शेजारी शेजारी होती. २०२२ पर्यंत २० हजार मेगावॅट सौर वीज, आणि २०२२ पर्यंत दोन कोटी चौरस मीटर सौर उष्णता-संग्राहक. ज्यानं कुणी ते लिहिलं, त्याला ऊन पूर्ण समजलं होतं. बंब बसवणाऱ्याला ३० टक्के भांडवली अनुदान किंवा कमी व्याजाचं कर्ज मिळायचं. गच्च्यांवर काळ्या पेट्या दिसू लागल्या.

मग २०१४ मध्ये ते अनुदान बंद झालं. २०१५ मध्ये विजेचं लक्ष्य २० हजारांवरून एकदम एक लाख मेगावॅट केलंत. छान. उष्णतेचं लक्ष्य तुम्ही वाढवलं नाहीत, त्याच्या मागे तेवढा पैसा ठेवला नाहीत, आणि २०२२ साल आलं तेव्हा त्या दोन कोटी चौरस मीटरांचं काय झालं, हे विचारायला व्यासपीठावर कुणी उभं राहिलं नाही. उलट त्याच २०२२ च्या जुलैत सौर बंबावरचा जीएसटी ५ टक्क्यांवरून १२ टक्के केलात. लक्ष्यपूर्तीच्या वर्षी लक्ष्यावरच कर वाढवला! तो परत ५ टक्क्यांवर आणायला तुम्हाला सप्टेंबर २०२५ उजाडावा लागला. आणलात हे चांगलं झालं. मधल्या तीन हिवाळ्यांचं उत्तर मात्र तुम्ही देणं लागता.

फेब्रुवारी २०२४ मध्ये पंतप्रधान सूर्यघर योजना आली. ७५ हजार कोटींहून अधिक तरतूद, एक कोटी घरं, तीन किलोवॅटला ७८ हजार रुपये अनुदान. या योजनेचा मी विरोधक नाही. आमच्या गल्लीत पॅनेलं बसली की मला आनंद होतो. पण तिच्या कागदांत गरम पाण्याच्या टाकीला जागा नाही. शंभर लिटरचा बंब आज वीस हजारांच्या आसपास येतो. जुन्या दरानं त्याचं अनुदान सहा हजार झालं असतं, पॅनेलच्या अनुदानाचा तेरावा हिस्सा. एवढ्याशा रकमेसाठी देशाच्या ऊर्जा धोरणातून उष्णता वगळली गेली.

तुमच्या बाजूनं जे बोललं जाईल ते मला ठाऊक आहे, म्हणून त्याचंही उत्तर देऊन ठेवतो.

पहिलं: ‘पॅनेल बसवलं की गिझर फुकट चालतो, बंब कशाला?’ बिलात चालतो, साहेब, तारेत नाही. पॅनेल वीज देतं दुपारी बाराला, गिझर मागतो सकाळी सहाला. मीटर दोन्हींची वजाबाकी करून ग्राहकाला शून्य दाखवतं, पण सकाळी सहाला बीरसिंहपूरच्या भट्टीत कोळसा टाकावाच लागतो. शिवाय जागेचा प्रश्न. चांगलं पॅनेल अंगावर पडलेल्या उन्हाचा पाचवा हिस्सा विजेत आणतं, तर चांगला संग्राहक अर्ध्याच्या आसपास उष्णतेत. ज्याला दहा बाय बाराची गच्ची आहे, त्याला हा फरक फार मोठा. हवेतली उष्णता ओढून पाणी तापवणारा उष्णता-पंपही हे काम गिझरच्या तिसऱ्या हिश्शाच्या विजेत करतो, हे मला मान्य आहे. मग त्याला तरी मदत द्या. दिवसा चालवून टाकी भरून ठेवणाऱ्या पंपाचं मी स्वागतच करीन. माझं भांडण यंत्राशी नाही, उष्णतेचा रकानाच नसण्याशी आहे.

दुसरं: ‘लोकांनी बसवले आणि बंद पडले.’ हे खरं आहे. कितीतरी वसतिगृहांच्या, इस्पितळांच्या गच्चीवर फुटक्या नळ्या आणि गंजलेल्या टाक्या पडून आहेत. क्षारानं नळ्या चोंदतात, माकडं काचा फोडतात, मिस्त्री फिरकत नाही. पण त्याचं कारण तुमच्याच अनुदानाच्या रचनेत होतं. पैसा बसवण्याला मिळायचा, चालवण्याला नाही. फोटो काढला, बिल जोडलं, हप्ता उचलला, संपलं. दुसऱ्या हिवाळ्यात पाणी तापतं की नाही, हे बघायला यायची कुणावर जबाबदारीच नव्हती. धोरण चुकलं म्हणून ते दुरुस्त करायचं असतं. तुम्ही ते बंद करून उन्हावर ठपका ठेवलात.

तिसरं: ‘शहरांनी नियम केले आहेतच की.’ काहींनी केले आणि मनापासून राबवले, त्यांचा आदर वाटतो. बंगळुरूत २००७ च्या सुमारास नव्या घराच्या वीजजोडणीला सौर बंबाची अट आली, आणि बिलात युनिटमागे ५० पैसे, महिन्याला ५० रुपयांपर्यंत सूट मिळू लागली. रक्कम लहान, पण ती दर महिन्याच्या बिलावर छापलेली दिसायची. त्या शहराच्या गच्च्या आजही साक्ष देतात. पुणे महापालिका सौर यंत्रणा, पर्जन्यजल संधारण किंवा गांडूळखत यांपैकी एक काही केलं तर मिळकतकरात ५ टक्के आणि दोन केली तर १० टक्के सूट देते. इस्रायलनं १९८० मध्ये नव्या घरांना कायद्यानं सौर बंब सक्तीचा केला. बार्सिलोनानं २००० साली शहराचा वेगळा वटहुकूम आणला. जगातले बहुसंख्य सौर बंब आज चीनच्या छतांवर आहेत. बार्सिलोना काही सूर्याच्या बाबतीत आमच्यापेक्षा श्रीमंत नाही.

आणि फक्त आंघोळीच्या पाण्यावर थांबायचं कारणही नाही. शिर्डीच्या साई संस्थानच्या प्रसादालयात २००९ पासून छतावरच्या, ऊन एकवटणाऱ्या ७३ तबकड्या वाफ करतात आणि त्या वाफेवर हजारो भाविकांचं जेवण शिजतं. लातूरच्या महानंद दुग्धालयात २००६ मध्ये आयआयटी मुंबईच्या प्रा. शिरीष केदारे यांनी घडवलेली १६० चौरस मीटरची ‘अरुण’ तबकडी दूध तापवायला उभी राहिली. त्याहून जुनं सांगू? मुंबईत १८७८ साली विल्यम अ‍ॅडम्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं आरशांनी ऊन एकवटून पाणी उकळवलं, वाफेचा पंप चालवला आणि त्यावर पुस्तक लिहिलं. उष्ण प्रदेशांत इंधनाऐवजी ऊन वापरता येईल, हे त्यानं इथं बसून सांगितलं. पुढच्या दीडशे वर्षांत तुमच्या खुर्चीला ते पटायला वेळ मिळाला नाही.

मदत द्या म्हणतो तेव्हा ती डोळे मिटून द्या असं मी म्हणत नाही. उत्तर आयर्लंडचं उदाहरण तुमच्या टेबलावर ठेवतो. तिथं २०१२ मध्ये अक्षय उष्णतेला प्रोत्साहन देणारी योजना आली. लाकडी इंधनाच्या बॉयलरना दर युनिट उष्णतेमागे जो पैसा ठरला, तो इंधनाच्या खर्चापेक्षा जास्त होता, आणि वरची मर्यादा घालायलाच विसरले. जितकं जाळाल तितका नफा. लोकांनी रिकामी गोदामं तापवल्याचे आरोप झाले. त्या भानगडीत २०१७ च्या जानेवारीत तिथलं सरकार कोसळलं. धडा सरळ आहे: उष्णता निर्माण करण्याला बक्षीस देऊ नका, वाचवलेल्या इंधनाला द्या, आणि मर्यादा घालून द्या. सौर बंबाला ही भीती मुळातच कमी, कारण टाकी शंभर लिटरची असेल तर तिच्यात शंभरच लिटर पाणी तापतं.

तर साहेब, मागण्या लिहून घ्या. भाषण नको, आदेश हवे आहेत.

एक. देशाच्या अक्षय ऊर्जेच्या आकडेवारीत उष्णतेचा वेगळा रकाना करा. किती संग्राहक बसले, त्यातले किती चालू, किती वीज आणि इंधन वाचलं, दर वर्षी छापा. ज्याचा आकडा नाही, त्याला अंदाजपत्रकात पैसा मिळत नाही, हे तुम्हीच आम्हाला शिकवलंत.

दोन. सूर्यघर योजनेत घरमालकाला निवड द्या. ज्याला पॅनेलसोबत बंब किंवा दिवसा चालणारा उष्णता-पंप हवा, त्याला त्याच अर्जावर, त्याच पोर्टलवर, छोटी मदत मिळू द्या.

तीन. अनुदानाचा अर्धा भाग बसवल्यावर आणि उरलेला पाच हिवाळ्यांत वाटून द्या, चालू असल्याची तपासणी करून. मिस्त्रीला प्रशिक्षण आणि सुट्या भागांची सोय त्या पैशातून करा. शहरात बंब दुरुस्त करणारी पन्नास पोरं तयार झाली, तर तो रोजगार कुठल्याही सोहळ्यापेक्षा मोठा.

चार. सुरुवात सरकारच्या स्वतःच्या छतांपासून करा. जबलपूरला वैद्यकीय महाविद्यालय आहे, १९६४ पासूनचं कृषी विद्यापीठ आहे, त्यांची वसतिगृहं आहेत, मध्यवर्ती कारागृह आहे, संरक्षण कारखान्यांच्या वसाहती आहेत. इथं शेकडो माणसं एकाच वेळी आंघोळ करतात आणि गच्च्या अवाढव्य आहेत. कंत्राट यंत्राचं काढू नका, पोहोचवलेल्या गरम पाण्याचं काढा: मीटर लावा, लिटरमागे पैसे द्या, पाणी गार आलं तर पैसे कापा.

पाच. भाडेकरू विसरू नका. रांझीच्या खोलीत राहणाऱ्याचं छतावर नाव नसतं, म्हणून त्याच्या वाट्याला रॉड येतो आणि रॉडसोबत शॉकची भीती. सहा-आठ खोल्यांच्या इमारतीला एक सामायिक टाकी बसवणाऱ्या मालकाला नगर निगमनं मालमत्ता करात सूट द्यावी. २०१६ च्या जानेवारीत स्मार्ट सिटीच्या पहिल्या वीस शहरांत जबलपूरची निवड झाली. पहाटे बादलीत रॉड बुडवून बसलेल्या शहराला तो शब्द शोभत नाही.

सहा. वीज कंपन्यांना यात ओढा. पहाटेचा एक मेगावॅट भार उतरवायला किती खर्च येतो आणि हिवाळ्याच्या भरात तेवढीच वीज बाजारातून घ्यायला किती, ही तुलना शक्ती भवनात बसून एका आठवड्यात होऊ शकते. ती करायला सांगा आणि जे उत्तर येईल ते जाहीर करा. बंब महाग ठरला तर मी माझी मागणी मागे घेईन. स्वस्त ठरला, तर तुम्ही तुमचा हट्ट मागे घ्या.

यातली एकही गोष्ट अशक्य नाही. यंत्र जुनं आहे, ऊन फुकट आहे, नियम करायची पद्धत पुण्या-बंगळुरूनं दाखवली आहे, चुका कुठं होतात हे तुमच्या स्वतःच्या २०१० ते २०१४ च्या अनुभवानं आणि आयरिश फजितीनं दाखवलं आहे. उरली आहे ती तुमची इच्छा.

आमच्याकडे पावसाळा सप्टेंबरअखेर ओसरतो आणि नोव्हेंबरच्या मध्यावर पहिला गिझर सुरू होतो. त्याआधी या सहांपैकी निदान एका मागणीवर सही करा. सही करणार नसाल, तर २०१४ मध्ये ती ओळ का खोडली, याचं लेखी कारण द्या, सही-शिक्क्यानिशी. अकरा वर्षांहून जास्त काळ आम्ही बिल भरून, कोळशाची राख श्वासात घेऊन आणि शेतकऱ्याला रात्री शेतात पाठवून त्या कारणाची किंमत दिली आहे. ते वाचायचा हक्क आमचा आहे.

आपला,
जबलपूरचा एक वीजग्राहक